उमेदीचे वय आणि पुढचा काळ : डहाणू–तलासरीतून पाहताना

असंघटित कामगारांसाठी ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ ही पेन्शन योजना २०१९ साली सुरू झाली. अठराव्या वर्षी नाव नोंदवले तर महिन्याला ५५ रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालणार आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळणार. दिवाळीनंतर तलासरीच्या पाड्यावरून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणारा मुलगाही ५५ रुपये कसेबसे काढू शकेल. मधली ४२ वर्षे मात्र त्याच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. पुढच्या वर्षी कोणत्या भट्टीवर असू हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ही योजना साठीतल्या स्वतःसाठी आज पैसे बाजूला काढायला सांगते. वय, पुढच्या काळाची कल्पना आणि कामाची उमेद यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न डहाणू आणि तलासरी तालुक्यांत असा रोजच्या खर्चाच्या हिशेबातच भेटतो.

या प्रश्नावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या नोकरदारांवर झालेले. ठरलेला पगार, ठरलेले निवृत्तीचे वय आणि निवृत्तीनंतरची सोय असलेली ही माणसे. त्यांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यांतला एक धागा फार मोलाचा आहे. लॉरा कार्स्टेन्सन यांनी मांडले की माणूस आपली ध्येये ठरवतो ती झालेली वर्षे मोजून नव्हे, उरलेला काळ अजमावून. पुढे पुष्कळ काळ आहे असे वाटते तेव्हा माणूस नवे शिकतो, ओळखी वाढवतो, आजची तोशीस उद्यासाठी सोसतो. काळ थोडा उरला असे वाटले की जवळची माणसे आणि आजचे समाधान त्याला मोठे वाटू लागते. सर्वसाधारणपणे पहिली अवस्था तरुणांची आणि दुसरी वृद्धांची असते. पण हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा तिथल्या तरुणांचीही ध्येये वृद्धांसारखी झालेली हेलन फंग आणि कार्स्टेन्सन यांना आढळली. साथ ओसरली, तसा फरक पुन्हा दिसू लागला. म्हणजे वय हे उरलेल्या काळाच्या अंदाजाचे एक ढोबळ माप आहे, एवढेच. अंदाज बदलला की उमेदही बदलते.

कामाच्या प्रेरणेबद्दल रूथ कॅन्फर आणि फिलिप अकरमन यांनी २००४ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांच्या मते वाढत्या वयात झटपट नवे आत्मसात करण्याची ताकद उतरते, अनुभवातून साठलेले ज्ञान मात्र टिकते, वाढतेही. ज्या कामात हे साठलेले ज्ञान चालते तिथे उमेद उतरण्याचे कारण नाही. ज्या कामात केवळ वेग आणि अंगबळ लागते, तिथे तेवढ्याच फळासाठी दुप्पट जीव काढावा लागतो आणि माणूस हळूहळू हात आखडता घेतो. डोरीन कोइ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. वयाबरोबर बढती आणि नव्या संधींची ओढ कमी होते, पण काम स्वतःच आवडणे, त्यातून कोणाच्या उपयोगी पडणे याची ओढ वाढते, असे त्यांना दिसले. हानेस त्साखर आणि मायकेल फ्रेझे यांनी जर्मनीत आणखी एक गोष्ट दाखवली : ज्यांच्या कामात डोके लागते आणि ते कसे करायचे हे ज्यांच्या हातात असते, त्यांना उतारवयातही पुढे संधी दिसत राहते.

हे सगळे डहाणू–तलासरीत आणून तपासले तर मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. इथे माणसाची कामावरची उमेद त्याच्या वयाने ठरत नाही. पुढचा काळ त्याच्या मालकीचा आहे की नाही, यावर ती ठरते. जमिनीचा पट्टा, टिकणारी नोकरी, वयाबरोबर मोल वाढणारी विद्या किंवा आपल्यामागे काम चालवणारे कोणी, यांतले काहीतरी असेल तर सत्तरीतही माणूस रोप लावतो. यांतले काहीच नसेल तर पंचविशीतच त्याचा पुढचा काळ संपलेला असतो.

मुंबई–अहमदाबाद रेल्वेमार्गाच्या बाजूने समुद्राकडे चिकूच्या बागा, मच्छीमारांची गावे आणि खाड्या. पूर्वेला डोंगर, भातखाचरे आणि पाडे. २०११ च्या जनगणनेत डहाणूची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती, तलासरीची दीड लाखावर. डहाणूत दर दहांतली सुमारे सात माणसे आदिवासी, तलासरीत नऊ. वारली बहुसंख्य, सोबत कोकणा, दुबळा, धोडी, काथोडी, मल्हार कोळी. किनाऱ्यावर मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ. उत्तरेला गुजरातची हद्द लागते आणि हद्दीपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापीचे कारखाने. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल येते.

अशा ठिकाणी ‘वय’ हीच आधी अवघड गोष्ट आहे. जन्माची नोंद नसलेल्या पिढीच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही अंदाजाने टाकलेली जन्मतारीख सर्रास आढळते. शरीराचे वय आणि कागदाचे वय यांत पाच-सात वर्षांचा फरक पडला तर पेन्शन तेवढी लांबते. त्यात आयुर्मानाचा प्रश्न. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात देशातल्या आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे आणि सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे असे दिले. हे जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान आहे, त्यात बालमृत्यूही धरलेले असतात; साठी गाठलेला माणूस चौसष्टाव्या वर्षी जातो असा त्याचा अर्थ नाही. पण पाड्यावर कोणी सरासरी काढत नाही. आपल्या वडिलांचे, चुलत्यांचे काय झाले ते माणूस पाहतो आणि आपला पल्ला ठरवतो. भावांपैकी एक चाळिशीत गेलेला असेल तर साठीनंतरच्या पेन्शनसाठी पैसे भरणे त्याला दुसऱ्या कोणाचे तरी काम वाटते. त्याचा हा अंदाज त्याने पाहिलेल्या आयुष्यातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

वीटभट्टीचे काम या दृष्टीने सगळ्यांत कठीण. दिवाळीच्या आसपास भट्टीवाल्याचा माणूस येतो, उचल देतो, आणि पावसाळ्यापर्यंतचे सात-आठ महिने त्या उचलीत अडकतात. नवरा-बायकोची जोडी कामाला लागते आणि हजार विटांमागे हिशेब होतो. हंगाम संपताना उचल फिटली तर हातात काही येते, नाहीतर पुढच्या वर्षाच्या हिशेबात जाते. आजी-आजोबा पाड्यावर शेळ्या आणि नातवंडे सांभाळतात, किंवा जोडीबरोबर जाऊन भट्टीवर चूल पेटवतात आणि तान्ही राखतात. त्यांच्या या कामाला मजुरी नाही, म्हणून ते कुठल्या आकड्यात येत नाही. पण ते नसते तर जोडी उभी राहिली नसती. भट्टीवरच्या तरुणाचा पुढचा काळ आधीच विकला गेलेला असतो. तो काम करतो, जीव तोडून करतो, पण त्या कामात त्याला वाढ दिसत नाही. चाळिशीत कंबर गेली की विटांची संख्या घटते आणि मजुरीही. कॅन्फर-अकरमन म्हणतात तो तोटा इथे अगदी उघडा आहे, कारण विटा थापण्यात अनुभवाला मोल फार थोडे.

पुढचा काळ गहाण पडण्याची ही रीत या भागाला जुनी आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि नवरा-बायकोने ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, त्याच्याकडे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. वेठ तर सगळ्यांनाच होती. १९४५ च्या २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने ती भरवली होती. वेठ करणार नाही, पुरी मजुरी मिळाल्याशिवाय काम करणार नाही, असे तिथे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मारले गेले, तरी चळवळ मागे हटली नाही. गोदावरीबाईंनी हा सारा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात १९७० मध्ये लिहिला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कामाच्या प्रेरणेचा विचार करताना हे पुस्तक मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके महत्त्वाचे वाटते. ‘हे लोक आळशी आहेत’ अशी जमीनदारांची कायमची तक्रार होती. वेठ संपल्यावर तीच माणसे स्वतःच्या शेतात राबताना दिसली. बदल माणसांच्या वयात किंवा स्वभावात झालेला नव्हता. उद्याचा दिवस आपला आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळले होते.

पुढची गोष्ट जमिनीची. या दोन तालुक्यांत या प्रश्नाचे सगळ्यांत स्पष्ट उत्तर तिथेच मिळते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

वनहक्क कायदा २००६ सालचा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जे आदिवासी वनजमीन कसत होते त्यांना चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. हा हक्क विकता येत नाही, वारसाला मिळतो, आणि लग्न झालेले असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. पुरावा म्हणून काय चालेल, याची यादी नियमांत आहे. तीत दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही आहे. कोणाचे खाचर कुठवर होते, जुना बांध कोणता, आंब्याचे झाड कोणी लावले, हे ज्या म्हातारीच्या किंवा म्हाताऱ्याच्या तोंडी होते, ते सरकारी पुरावा झाले. मोजणीच्या दिवशी हीच माणसे पुढे चालून हद्द दाखवतात. वयाबरोबर साठलेल्या ज्ञानाला राज्याने मोल दिल्याचे इतके थेट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात जो नेट असतो, तो पाहण्यासारखा असतो.

पट्टा हातात आला की पेरणीची भाषा बदलते. कसत असलेली जमीन उद्या हिरावली जाईल अशी धास्ती असेल तर माणूस नागली, वरी, उडीद पेरतो. ज्याचे पीक त्याच वर्षी घरात येते तेवढेच. जमीन नावावर असेल तर आंबा-काजूची कलमे लागतात. आता वयाचा विचार करा. साठीतला माणूस आंब्याचे कलम लावतो तेव्हा त्याला बहर मिळायला पाच-सहा वर्षे लागणार आणि त्या झाडाचा खरा काळ त्याच्या नातवाच्या वाट्याला येणार. कार्स्टेन्सन यांच्या मांडणीप्रमाणे उरलेला काळ थोडा म्हणून त्याने आजच्यापुरते पाहायला हवे होते. तो तसे पाहत नाही, कारण इथे उरलेला काळ एकट्याचा मोजत नाहीत, घराचा मोजतात. पाश्चात्त्य अभ्यासांत प्रश्नावली एका माणसापुढे ठेवली जाते, ‘तुमच्यापुढे किती संधी आहेत’ असे विचारले जाते. पाड्यावरच्या साठीच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो उत्तर देताना आपल्या मुलाचे आणि नातवाचे वय धरणार. ही त्या सिद्धांतातली उणीव आहे असे माझे मत आहे आणि डहाणू–तलासरी ती उघडी करतात.

याची उलट बाजू समुद्राकडच्या बागांत दिसते. घोलवडला चिकू आला तो १८९८ च्या सुमारास, इराणी बागायतदारांच्या हातून. पुढे घोलवड, बोर्डी, चिंचणीपर्यंत बागा पसरल्या आणि ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कलम केलेले झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते, सात-आठ वर्षांनी हिशेबात धरण्याजोगे उत्पन्न देते आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे उभे राहते. इथे जमिनीचा हक्क पक्का आहे. तरी बरेच वयस्क बागायतदार जुनी झाडे काढून नवी लावायला तयार नाहीत, बाग ठेकेदाराला फळांवर देऊन मोकळे होतात. बी पोखरणारी अळी, फळगळ, भावाची अनिश्चितता ही कारणे खरी आहेत. त्याहून मोठे कारण असे, की मुले मुंबईत किंवा परदेशात आहेत आणि ती परत येणार नाहीत. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला आठ वर्षांनी फळणारे झाड लावावेसे वाटत नाही. डोंगराकडे वारस आहे पण जमिनीचा कागद मिळवण्यात आयुष्य जाते. किनाऱ्याकडे कागद आहे पण वारस निघून गेला. आणि त्या बागांत फळ उतरवणारे, वेचणारे, वर्गवारी करणारे हात बहुतांशी डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेले, त्यांत पन्नाशी-साठीच्या बायका पुष्कळ. झाडाची जाण त्यांना आहे, पण झाड त्यांचे नाही. बागा कसणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने द्याव्यात, असे मला वाटते. तसे झाले तर दोन्हींकडची अडचण निदान काही बागांत सुटेल.

उतारवयातल्या उमेदीचा विषय निघाला की या तालुक्यात कोसबादचे नाव येणारच. ताराबाई मोडक १८९२ सालच्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम उभे केले तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. भावनगर आणि दादर इथले त्यांचे बालशिक्षणाचे मोठे काम तोवर होऊन गेले होते. कोणीही त्यावर थांबले असते. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या त्या पस्तिसाव्या वर्षी. १९५७ मध्ये संस्था कोसबादच्या टेकडीवर गेली, तेव्हा ताराबाई ६५ वर्षांच्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात गेली. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे तिच्या केंद्राचे नाव झाले. ताराबाई दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये गेल्या होत्या. अनुताई त्यानंतरही थांबल्या नाहीत. १९८२ साली, ७२ व्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्यासोबत ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था सुरू केली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

७२ व्या वर्षी नवी संस्था काढणाऱ्या बाईकडे किती काळ उरला होता? तिने तो मोजलाच नसावा. ऐने, दाभोण या गावांतल्या मुलांचे पुढचे आयुष्य तिने आपल्या हिशेबात धरले होते. एरिक एरिक्सन यांनी प्रौढ वयातल्या माणसाच्या मनाची सगळ्यांत मोठी गरज पुढच्या पिढीसाठी काही घडवणे ही आहे, असे सांगितले. अनुताईंचे आयुष्य त्याचा दाखला आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींचे नावही इथेच घ्यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ च्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि ते त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते, उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन सात वर्षे झालेली. जानेवारी २०१९ मध्ये ९१ व्या वर्षी गेले तोवर ते अध्यक्ष होते. 

ही उदाहरणे आपण आदराने सांगतो आणि सांगायलाही हवीत. पण त्यांवरून ‘मनात असेल तर वय आड येत नाही’ असा निष्कर्ष काढला की चूक होते. या माणसांना काम निवडता आले. ते कसे करायचे हे त्यांच्या हातात होते. आजूबाजूला सहकारी होते, समाजात मान होता. त्साखर आणि फ्रेझे ज्या अटी सांगतात त्या सगळ्या पुऱ्या झालेल्या होत्या. देशातल्या वृद्धांच्या २०१७-१८ मधल्या मोठ्या पाहणीत, ‘लासी’मध्ये, साठीपुढची एक तृतीयांशाहून अधिक माणसे काम करताना आढळली. त्यांतल्या भातलावणीला वाकलेल्या आजीला उमेदीचे उदाहरण म्हणून उभे करणे बरोबर नाही. तिला काम सोडायची मुभा मिळाली आणि तरी ती आली, तरच ती उमेद.

अशी मुभा आणि अशी उमेद पाड्यावरच पाहायची तर वारली लग्नात पाहावी. लग्नात गाणी म्हणणारी धवलेरी असते; तिच्या गाण्यांशिवाय लग्न पुरे होत नाही आणि वय वाढते तशी तिला मागणी वाढते. सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यांना हात देणारी जुनी बाई असते. सुईण आणि भगत यांचेही तसेच. या कामांत म्हातारपण हे कौशल्याचाच भाग असते. चित्राचे वळण मात्र १९७० नंतर बदलले. चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि लग्नातली चित्रे कागदावर येऊ लागली. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली जन्मलेले आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावर वाढलेले जिव्या सोमा मशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढत. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सहभाग, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास ते गेले तोवर त्यांची कुंचल्याशी गाठ सुटली नव्हती. मुलगे चित्रकार झाले. आज या दोन तालुक्यांत चित्रावर पोट असणारी घरे आहेत. काम स्वतःच आवडणे, त्यातून ओळख मिळणे, ते पुढच्या पिढीत जाणे, ही तिन्ही कारणे तिथे एकत्र आली. पोटापाण्याची सगळी कामे अशी होणार नाहीत, हे खरे. पण एखादे काम वयाबरोबर फुलायला काय काय लागते, ते यावरून कळते.

कारखान्यांबद्दल थोडक्यात. पहाटेच्या गाडीने उंबरगाव-वापीला जाणारे तरुण बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली असतात. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनला निदान १० वर्षांची सेवा लागते. ठेकेदार बदलत राहिला, मधे खंड पडत राहिला, जुने खाते नव्याला जोडले गेले नाही, तर ही दहा वर्षे कागदावर जमतच नाहीत. मग मशीनवरचे बारकावे शिकून घेण्यात कोणाला स्वारस्य उरेल? मालकांची ‘ही पोरे टिकत नाहीत’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. टिकण्याचे फळ मिळाले असते तर ती टिकली असती.

किनाऱ्यावर सध्या पुढच्या काळाचा प्रश्न सगळ्यांत तीव्र आहे. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींवर, आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगारांचा सरकारी दावा. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने हे बंदर नाकारले होते. जुलै २०२३ मध्ये अटींसह ना-हरकत दिली. वाढवण, वरोर, धाकटी डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध आजचा नाही. त्यांच्या विरोधाला वयाचीही बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. डोल जाळी कुठे लावायची, पाणी कसे फिरते, बोंबील कधी चढतो, हे ज्ञान तीस-चाळीस वर्षांत अंगी मुरते. पन्नाशीतला नाखवा होडीवर कमी वेळा जातो, जाळी अधिक विणतो, मुलाला पाणी दाखवतो. पॉल आणि मार्गरेट बाल्टेस यांनी यशस्वी वार्धक्याची जी रीत सांगितली ती हीच : थोडे निवडायचे, त्यात कसब ओतायचे, उरलेल्या उणिवेची भरपाई दुसरीकडून करायची. मासेमारीचे पाणी गेले तर हे ज्ञान एका दिवसात निकामी होते. बंदराची नोकरी मुलाला मिळेलही. बापाला काय, याचे उत्तर नुकसानभरपाईच्या रकमेत येत नाही, कारण त्याची गेलेली गोष्ट वर्षाच्या उत्पन्नात मोजता येत नाही. वाढवण-चिंचणी भागात दागिन्यांचे साचे करणारे डायमेकर आहेत. त्यांचीही काळजी अशीच आहे.

आता सरकारी योजना वयाच्या क्रमाने मांडून पाहू. ग्रामीण तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणाची दीनदयाळ उपाध्याय योजना १५ ते ३५ वयासाठी. श्रमयोगी मानधनात नाव नोंदवायची मुदत चाळिशीपर्यंत; अटल पेन्शनचीही तीच. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ नंतर, महिना १,५०० रुपये, तीही वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला या योजनांत पुढची पंचवीस वर्षे शिकण्याची सोय नाही आणि साठवण्याचीही नाही. लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वयाच्या बायकांना थोडा आधार दिला आहे. वयाची वरची अट नसलेल्या दोन गोष्टी आहेत. एक रोजगार हमी, जी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात उभी करून १९७७ मध्ये कायद्यात आणली, आणि जिच्यावर बहुतेक अंगमेहनतीची कामे निघतात. दुसरी २०२३ ची विश्वकर्मा योजना. तिच्या अठरा व्यवसायांत मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. थॉमस एन्ग आणि डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये वयस्क कामगारांबद्दलचे सहा समज तपासले. पाच टिकले नाहीत. प्रशिक्षणाची इच्छा कमी असते हा एकच थोडा खरा निघाला. पण ज्याला प्रशिक्षणाच्या दारातच वय विचारून परत पाठवले जाते, त्याची इच्छा कमी की जास्त हे कोण मोजणार?

या दोन तालुक्यांपुरते बोलायचे तर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढावेत, दाखला देणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवर. श्रावणबाळची वयाची अट आदिवासी तालुक्यांत ६० वर आणावी. रोजगार हमीत रोपवाटिका, बांधावरची फळझाडे, तान्ह्या मुलांची राखण अशी पन्नाशीपुढच्यांना झेपणारी कामे मागण्याचा ठराव ग्रामसभांनी करावा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने त्यांना तेवढे बळ दिले आहे. ठेक्यावरच्या कामगाराची तुटक सेवा जोडून घेण्याची मदत डहाणू आणि तलासरीतच मिळावी, वापीला खेटे घालून नव्हे. आणि वाढवणच्या पुनर्वसनात चाळिशीपुढच्या मच्छीमाराचा वेगळा विचार व्हावा, त्याला मुलाच्या नोकरीत धरून मोकळे होऊ नये. ज्या वाचकांच्या गावात ग्रामसभा भरते, त्यांनी पुढच्या सभेत यांतला निदान एक विषय मांडावा.